मिरजेच्या घराचं काम : नोंदवही

१६ एप्रिल २०२५, बुधवार

बांधकामाच्या साइटवर रोजची डायरी लिहायची सवय आहे, म्हणून हीही तशीच लिहिते. काम : मिरजेचं घर आईला एकटीनं वावरता येईल असं करणं. मालक : आई. मालक सध्या दवाखान्यात. मुदत : तिला घरी सोडायच्या आत निदान बाथरूम आणि संडास.

पार्श्वभूमी थोडक्यात. शनिवारी, हनुमान जयंतीला, आईनं फोनवर विचारलं, "गुढी उतरवलीस का गं?" पाडवा होऊन दोन आठवडे झाले होते. घरातल्या सगळ्यांच्या तिथी जिला पंचांग न उघडता येतात, ती हे विचारत होती. रविवारी शेजारच्या काकूंचा फोन. आई बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळली, लागलं नाही, पण बोलणं असंबद्ध आहे. पुण्याहून मी पोचेपर्यंत काका-काकूंनी तिला भरती केलं होतं. अर्धांगाचा झटका असेल म्हणून आधी डोक्याचा सीटी स्कॅन झाला, त्यात काही निघालं नाही. मग रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम ११४. असायला हवं १३५ ते १४५.

आज १२९. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"बुधवार. आणि आज संकष्टी आहे. मला सकाळी उपमा कोणी दिला?"

डॉक्टरांना हसू आलं. मी बाहेर जाऊन दादाला बंगळुरूला फोन लावला आणि एवढंच सांगितलं की आई भांडायला लागली.

संध्याकाळी घरी येऊन मापं घेतली. बाथरूमचा दरवाजा २६ इंच, आत उघडणारा. हा आधी बदलायचा. आत माणूस पडलं तर अंगानं दार अडतं आणि बाहेरच्याला उघडता येत नाही. उंबरा साडेतीन इंच. खाली गुळगुळीत फरशी, साबण पडला की बर्फ. संडास भारतीय पद्धतीचा, धरायला नळ सोडून काही नाही. त्या नळाला धरून आई इतकी वर्षं उठते आहे, हे मला आज नळ हलतोय म्हणून कळलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

कामाला सुट्टी. डॉक्टरांनी नीट बसून समजावलं, ते लिहून ठेवते, कारण दादाला आणि दोन मावश्यांना परत परत सांगावं लागणार आहे.

सोडियम कमी म्हणजे रक्तातलं मीठ संपलं, असा सरळ अर्थ नाही. बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. आईच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या. एक, हिवाळ्यात सुरू झालेली बीपीची गोळी. तिच्यात थायझाइड जातीचं लघवीचं औषध होतं. औषध चांगलं आणि जुनं आहे, लाखो लोक घेतात, पण वयस्कर बायकांमध्ये ते सोडियम खाली आणू शकतं. दोन, "उन्हाळ्यात रोज चार लिटर पाणी प्या" हा मोबाइलवर आलेला निरोप. आईनं तो शाळेतल्या गृहपाठासारखा पाळला. तीन, जेवण. एकट्या माणसाचा स्वयंपाक म्हणजे चहा-बिस्किट, अळणी भाजी आणि अर्धी भाकरी. मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी बाहेर टाकायचं तर त्यासोबत टाकायला थोडं मीठ आणि प्रथिनांतून आलेला युरिया लागतो. ताटात वरण नाही, अंडं नाही, मीठ नाही, तर पाणी जाणार कसं? ते साचतं, रक्त पातळ होतं, मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं आणि गुढी दोन आठवडे उभीच राहते.

मी विचारलं, मग सलाइन जोरात लावून एका रात्रीत वर का नाही आणलं? डॉक्टर म्हणाले, तेच तर करायचं नाही. सोडियम फार भराभर वाढवलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून चोवीस तासांत आठ-दहाच्या वर जाऊ द्यायचं नाही, दर काही तासांनी रक्त तपासायचं आणि हळूहळू चढायचं. हे मला लगेच पटलं. स्लॅबचं सेंटरिंग, म्हणजे तो पक्का होईपर्यंतचा खालचा टेकू, लवकर काढा म्हणून मागे लागणारे मालक मी रोज बघते.

पहिल्या रात्री तिला तीन टक्क्यांचं सलाइन दिलं होतं, १०० मिलिलिटर. म्हणजे ३ ग्रॅम मीठ. चहाचा अर्धा चमचा. नेहमीच्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. खुर्चीत बसून ही गणितं केली, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पाण्यावर मर्यादा : दिवसाला एक लिटर, चहा आणि वरणाचं पाणी धरून. बाहेर ऊन असं की बाकड्याला हात लावता येत नाही. आईच्या उशाशी गडू, त्यावर नर्सबाईंनी चिकटपट्टी लावून खुणा केलेल्या. आई घोट तोंडात धरून ठेवते, मग गिळते. तिचं माहेर जत तालुक्यात. म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात पाणी लांबून आणलं, पण प्यायचं मोजून नाही प्यायलं." मग थोडा वेळ गप्प. मग, "आपल्या स्टेशनातून लातूरला पाण्याची गाडी गेली होती ना?" गेली होती, २०१६ च्या एप्रिलमध्ये. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आपण पाणी पाठवणारे, आणि हिला गडूभर पुरवून पुरवून. तिला ते विनोदी वाटत होतं. मला वाटत नव्हतं.

१९ एप्रिल, शनिवार

घरी सोडलं. सोडियम १३२. जुनी गोळी बंद, तिच्या जागी अॅम्लोडिपिन. पाणी सव्वा लिटरपर्यंत, पुढच्या तपासणीनंतर वाढवू. मीठ नेहमीसारखं. उपवास सध्या नाही. आठवड्यानं रक्त.

बाथरूम तयार नाही, त्यामुळे तात्पुरती सोय : मेडिकलच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची भाड्यानं आणली आणि संडासाच्या भांड्यावर ठेवली. आई तिच्याकडे परक्या पाहुण्याकडे बघावं तशी बघत होती. मी धरायला पुढे झाले तर म्हणाली, "बाहेर थांब. तुला मी धरलं ते वेगळं."

२१ एप्रिल, सोमवार

गवंडी मामा आले. ड्रिलनं एक भोक पाडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. बाथरूमची मधली भिंत साडेचार इंची, बाहेरून सिमेंटचा गिलावा, पण आत विटा मातीत रचलेल्या. मागे कधीतरी पडवी अडवून ही खोली काढली तेव्हाची काटकसर.

"ताई, यात रावळ प्लग मारला तर हँडल आजींच्या हातात येईल, भिंतीसकट."

बरोबर आहे. रावळ प्लग म्हणजे स्क्रू पकडायला भोकात ठोकायची नळी, मातीत ती धरणार कशाला? हे मुद्दाम लिहिते, कारण दुकानात हँडल घेताना कोणीच भिंतीबद्दल विचारत नाही. हँडल कितीही जाड स्टीलचं असलं तरी ते भिंतीइतकंच मजबूत. आणि टॉवेल अडकवायचा दांडा म्हणजे आधाराचं हँडल नव्हे. तो टॉवेलाच्या वजनासाठी असतो, घसरणारं माणूस त्याला लटकलं की स्क्रूसकट निघतो. आमच्याकडे असाच दांडा होता. आजच काढून टाकला.

उपाय ठरला : आरपार बोल्ट. भिंतीच्या पलीकडे, पडवीच्या बाजूला, लोखंडी पट्टी आणि नट. दिसायला बरं नाही. मामा म्हणाले, "वर रंग मारू की."

२३ एप्रिल, बुधवार

हँडलच्या उंचीवरून माझं आणि आईचं वाजलं. मानकांत जमिनीपासून ३३ ते ३६ इंच सांगतात. मी ३४ वर पेन्सिलीनं रेघ मारली. आईची उंची चार फूट दहा. तिला कमोड खुर्चीवर बसवलं, हातात खडू दिला आणि म्हटलं, "उठताना हात जिथं जाईल तिथं खूण कर." तीनदा उठली, तिन्ही खुणा ३० च्या आसपास. मानक बाजूला ठेवलं. दाराजवळचं उभं हँडल मात्र लांब घेतलं, म्हणजे हात कुठेही पडला तरी चालेल.

तसंच कमोडच्या उंचीचं. दुकानदार "सीनियर सिटिझनसाठी उंचवाला घ्या" म्हणत होता. आईचे पाय त्यावर लोंबकळले असते. पाय पूर्ण टेकल्याशिवाय उठायला जोर कुठून येणार? साधा, बसकाच घेतला.

खडूच्या त्या खुणा पुसायच्या राहिल्यात. टाइल येतील तेव्हा झाकल्या जातील.

२५ एप्रिल, शुक्रवार

दादानं बंगळुरूहून पार्सल पाठवलं : "लो सोडियम" मीठ, दोन किलो. सोबत फोन, "मीठ म्हणजे पांढरं विष, आईला हेच दे." अरे बाबा, आईचं दुखणं काय होतं? या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. ज्यांच्या मूत्रपिंडांत दोष आहे किंवा ज्यांना पोटॅशियम वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं. पार्सल परत.

दुसऱ्या टोकाचीही माणसं भेटली. आईचं ऐकून गल्लीतल्या एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही उगाच मीठ कमी केलं!" अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याच्या आतच. बीपीवाल्यांनी लोणचं-पापड आवरावं हे खरंच आहे. पण कमी आणि बंद यात फरक आहे. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. त्यांना कोणी पांढरं विष म्हणून सांगायला हवं होतं.

स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आई भरती होण्याआधीपासून रिकामी होती. आज भरली. मोजायला एक छोटा चमचा आत ठेवला. रात्री आमटीचा पहिला घास घेऊन आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी चाळीस वर्षांत आमटी चांगली झाली असं एकदाही सांगितलं नाही. अळणी झाली तेवढी न चुकता सांगायचे." आणि भात परत घेतला.

रक्ताचा रिपोर्टही आला. १३५. पाणी दीड लिटर.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. मामांनी सुट्टी मागितली. दार बाहेर उघडणारं करून झालंय, टाइल अर्ध्या बसल्यात. खाली बिनचकाकीची (मॅट) टाइल, खरखरीत, ३०० बाय ३०० मिलिमीटरची. मोठ्या टाइल घेऊ नका, सांधे जितके जास्त तितका पाय धरतो, हे मामांचं. खरं आहे.

आमरस केला. आंबे महाग, पण केला. आईला वाटी दिली तर तिनं आधी विचारलं, "हा पाण्यात धरायचा का?" धरायचा. मग तिनं दुपारचा चहा सोडला आणि रस परत घेतला. हिशेबात ती माझ्यापेक्षा पक्की आहे.

या दिवसांत माझ्या लक्षात आलेलं : घरात काय हवं याची माझी यादी आणि तिची यादी जुळत नाही. माझ्या यादीत हँडल, कमोड, रात्रीचा दिवा, पलंगाची उंची, गळ्यात घालायचं संकटाचं बटण. तिच्या यादीत, सांगितलेल्या क्रमानं : स्वतः उठून संडासाला जाता येणं. वार लक्षात राहणं. रात्रीची झोप. दह्याला विरजण स्वतः लावणं. दारात रांगोळी. बटणाबद्दल तिचं मत : "कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो तसं?" बटण यादीतून काढलं. काकू रोज सकाळी दुधाची पिशवी द्यायला येतातच, त्यांना किल्ली दिली.

६ मे, मंगळवार

हँडल बसली. चाचणी : मी स्वतः लटकले, मग मामा लटकले, मग मामांचा पोऱ्या दोन्ही पाय उचलून लटकला. भिंत हलली नाही. पडवीच्या बाजूच्या पट्ट्यांना विटकरी रंग दिला, तरी दिसतात. दिसू देत.

आई आंघोळीला गेली. कडी लावली नाही, पण दार ओढून घेतलं. आत बादलीत पाणी पडल्याचा आवाज, तांब्याचा आवाज, मग रामरक्षा. भरती झाली त्या रात्री तिला दोन ओळींपुढे रामरक्षा आठवत नव्हती, असं काकूंनी नंतर सांगितलं. आज शेवटपर्यंत झाली. मी पडवीत पट्टीचे नट उगाच पुन्हा आवळत बसले होते.

१६ मे, शुक्रवार

परत संकष्टी. गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा आईनं माझ्यासमोर डॉक्टरांशी तडजोड करून घेतली : दिवसभर उपाशी नाही, दूध-फळं-शेंगदाणे वेळेवर, पाणी तहानेप्रमाणे, संध्याकाळी नीट जेवण. "याला उपवास म्हणत नाहीत," असं तिनं मला रिक्षात सांगितलं, पण पाळला. सोडियम १३७. पाण्याची मोजदाद बंद. घरी आल्यावर तिनं माठातून भांडं भरून घेतलं, उभ्यानंच संपवलं, दुसरं भरलं आणि अर्धं ठेवून दिलं. "तहान नाही आता."

घोटे जरा सुजलेत. ते नव्या गोळीनं होऊ शकतं म्हणाले. लक्ष ठेवायचं.

उंबऱ्यांचा निकाल : बाथरूमचा उंबरा काढला, तिथं उतार दिला. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी जाळीची पन्हळ. मुख्य दाराचा उंबरा राहणार. मी तोही काढायचं म्हणत होते. आई म्हणाली, "हळद-कुंकू कुठं वाहू? उतारावर?" मामाही तिच्याच बाजूचे. शेवटी चौकटीला उभं हँडल आणि उंबऱ्याच्या कडेला पिवळा पट्टा. रांगोळी पट्ट्याच्या बाहेर.

२७ मे, मंगळवार

यंदा पाऊस लवकरच आला, मे संपायच्या आत. पडवी गळते, हे काम यादीत नव्हतं. कौलं फिरवून घेतली. छपराच्या पाटाचं एक लाकूड कुजलंय, ते पावसाळ्यानंतर.

रात्रीचा दिवा : हालचालीनं लागणारा, पलंगाखाली एक आणि बाथरूमच्या दाराशी एक. डोळ्यांवर येत नाही, फक्त जमीन उजळते. माझ्या सगळ्या खरेदीत आईला मनापासून आवडलेली ही एकच वस्तू, आणि सगळ्यात स्वस्तही हीच. काल रात्री दोनला उठून ती दोनदा जाऊन आली. एकदा गरज म्हणून आणि एकदा दिवा लागतो का बघायला.

३ जून, मंगळवार

हिशेब. मजुरी आणि साहित्य मिळून अंदाजाच्या थोडं वर गेलं, कौलांमुळे. कमोड खुर्ची परत केली, अनामत मिळाली. दादानं अर्धे पैसे पाठवले आणि विचारलं, आता तिथं काय कमी आहे? आईला फोन दिला. म्हणाली, "काही नाही. तू ये." तो पावसाळ्यात येतो म्हणाला, तिकीट काढलं की खरं.

माझी सुट्टी रविवारी संपते. घरून काम करायची परवानगी महिन्यातून एक आठवडा मिळाली आहे. भिंतीवर कागद चिकटवलाय : गोळीचं नाव, बंद केलेल्या गोळीचं नाव लाल शाईत, कुठल्याही नव्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून. रक्त तीन महिन्यांनी. जेवणाचं आईनं आणि काकूंनी परस्पर ठरवलं. दुपारी दोघी एकत्र जेवणार, एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. एकटीसाठी वरण लावायचा कंटाळा येतो, दोघींसाठी येत नाही. हा मुद्दा माझ्या यादीत कुठेच नव्हता आणि औषधाच्या कागदाइतकाच कामाचा आहे.

दुपारी काका आमचं हँडल बघून गेले. धरून बघितलं, ओढून बघितलं, पडवीत जाऊन पट्टीही बघितली. "आमच्याकडे पण बसवून दे. मला गरज नाही, पण हिला." काकू मागून म्हणाल्या, "गरज यांनाच आहे." जाऊन माप घेतलं. त्यांची भिंत नऊ इंची, सिमेंटमधली, आरपार बोल्टची गरज नाही. मामा शनिवारी येतायत. काकांच्या हातात खडू देऊन ठेवलाय.